केल्ट नक्की कुठले, आणि जर्मनांचे ते कोण लागतात?

नेकारकाठचा (धागाकर्ता)

रोम आणि ग्रीसवर इथे धाग्यांचा पाऊस पडून गेलाय. रोमच्या उत्तरेला राहणाऱ्या मंडळींवर मात्र शोधूनही काही सापडलं नाही, म्हणून हा प्रपंच.

मी श्टुटगार्टजवळ राहतो (हो, तेच ते, १९६८ पासून मुंबईचं जुळं शहर). इथल्या जुन्या राजवाड्यातल्या संग्रहालयात होखडॉर्फच्या थडग्यातला ऐवज मांडलेला आहे. थडगं इ.स.पू. ५३० च्या सुमाराचं, उकरलं १९७८-७९ मध्ये, आणि त्याआधी चोरांची नजर त्यावर पडलेली नव्हती. आत चाळिशीचा, सहा फूट उंचीचा पुरुष. पावणेतीन मीटर लांब काशाच्या बाकावर निजवलेला. तो बाक आठ बायकांच्या छोट्या मूर्तींनी उचलून धरलाय आणि प्रत्येकीच्या पायाखाली चाक, म्हणजे बाक ढकलत नेता यावा. बुटांवर सोन्याचे पत्रे. सिंहांच्या मूर्ती बसवलेली ५०० लिटरची ग्रीक घडणीची कढई, तिच्यात मधापासून केलेल्या दारूच्या खुणा. भिंतीवर पिण्यासाठी नऊ शिंगं टांगलेली. परलोकात पंगत बसवायची पूर्ण तयारी.

या गृहस्थाला इथे सगळे 'केल्ट सरदार' म्हणतात. आता माझा गोंधळ असा. आपल्या डोक्यात केल्ट म्हणजे आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड. मग त्यांचा इतका श्रीमंत माणूस जर्मनीत काय करतोय? आणि तो इथलाच असेल तर आजच्या जर्मनांचा पूर्वज, की जर्मनांनी हुसकून लावलेला शेजारी? ऑफिसातले श्वाबियन (म्हणजे इथलेच स्थानिक) लोक 'आमचाच' म्हणून मोकळे होतात. हॅम्बुर्गचा मित्र म्हणतो, दक्षिणेतले काय वाट्टेल ते म्हणतील.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिखटजाळ

वाचतेय. शेंगदाणे घेऊन बसलेय.

खडूमास्तर

हा गोंधळ तुमचा एकट्याचा नाही, अख्ख्या विषयाचाच आहे. 'केल्ट' हे नाव आपण निदान चार गोष्टींना देतो. ग्रीक-रोमनांनी ज्यांना त्या नावाने ओळखलं ते लोक. हाल्श्टाट आणि ला तेन या घडणीच्या वस्तू वापरणारे लोक. एका ठरावीक भाषाकुळातलं बोलणारे लोक. आणि आज स्वतःला केल्ट म्हणवणारे आयरिश, वेल्श, ब्रेटन वगैरे. या चौघांचे नकाशे एकावर एक ठेवले तर कडा जुळत नाहीत.

आधी नाव. हिरोडोटस (इ.स.पू. पाचवं शतक) म्हणतो की इस्टर, म्हणजे डॅन्यूब, केल्टांच्या मुलुखात पिरीनी गावाजवळ उगम पावते. त्याच दमात तो असंही म्हणतो की केल्ट हर्क्युलीसच्या खांबांपलीकडे, म्हणजे जिब्राल्टरच्या पलीकडे राहतात. डॅन्यूबचा उगम तुमच्या जवळच्या ब्लॅक फॉरेस्टात, जिब्राल्टर स्पेनच्या टोकाला. एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी यातली डॅन्यूब उचलली आणि खांब सोडून दिले, कारण तोवर हाल्श्टाट सापडलं होतं. अलीकडे काहींनी बरोबर उलटं केलंय.

हाल्श्टाट हे ऑस्ट्रियातलं मिठाच्या खाणीचं गाव. रामसाउअर नावाच्या खाण-अधिकाऱ्याने १८४६ ते १८६३ या काळात तिथली ९८० थडगी उकरली आणि त्यांची जलरंगात चित्रं करून घेतली. (त्या काळात खजिना शोधणारेच जास्त असायचे, त्यामुळे या माणसाला मानलं पाहिजे.) ला तेन स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेल सरोवराच्या काठी. १८५७ मध्ये पाणी खाली गेलं आणि चिखलात तलवारी, भाले दिसू लागले. १८७२ मध्ये हिल्डेब्रांड या स्वीडिश अभ्यासकाने युरोपच्या लोखंडयुगाचे दोन भाग पाडून त्यांना ही दोन नावं दिली. ढोबळमानाने इ.स.पू. ८०० ते ४५० हाल्श्टाट, पुढचं ला तेन.

गॉल लोक (रोमन केल्टांना गॉल म्हणत, आणि त्यांच्या मुलुखालाही, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सला) जिथे जिथे पोचले असं रोमन सांगतात, म्हणजे उत्तर इटली, बोहेमिया, हंगेरी, तिथे ला तेन घडणीच्या वस्तू मिळतात. त्यामुळे ला तेनवाले केल्ट, हे बऱ्यापैकी पटतं. त्यांच्या आधीचे म्हणून हाल्श्टाटवालेही केल्ट, हे मात्र अनुमान. त्या खाणकामगारांनी एक ओळ लिहून ठेवलेली नाही. मिठात टिकलेल्या विष्ठेच्या तपासणीतून २०२१ मध्ये एवढं कळलं की लोखंडयुगातला एक जण बिअर पीत होता आणि निळं चीज खात होता. तो कुठली भाषा बोलत होता हे त्यातून कसं कळणार!

भाषेचा लेखी पुरावा तिसरीकडेच. सर्वात जुने केल्टिक लेख मिळतात आल्प्सच्या दक्षिणेला, लुगानो सरोवराच्या परिसरात, लेपॉन्टिक भाषेतले, इ.स.पू. सहाव्या शतकापासूनचे. मग स्पेनमध्ये सारागोसाजवळ बोटोरिटाचे काशाचे पत्रे, मग फ्रान्समधले गॉलिश लेख. म्हणजे केल्टिक भाषा निश्चितपणे लिहिलेली सापडते ती इटलीत आणि स्पेनमध्ये, श्रीमंत थडगी मिळतात ती दक्षिण जर्मनीत आणि पूर्व फ्रान्समध्ये, आणि भाषा आज जिवंत आहे ती अटलांटिकच्या काठावर.

गडवाट

छान माहिती. पण मुळाशी कुणी जात नाही. ड्रुइड (केल्टांचे पुरोहित) म्हणजे द्रविड, हे उघड आहे. ड्रुइडांचं मौखिक पाठांतर, यज्ञ, पुनर्जन्म, सगळं आपलंच. डेन्मार्कमध्ये सापडलेल्या चांदीच्या कढईवर शिंगं असलेला देव मांडी घालून बसलाय, तो आपला पशुपती. केल्ट भारतातून गेले हे युरोपियन लोक मान्य करणार नाहीत, हा भाग वेगळा.

उंबराखाली

गडवाट, यातलं थोडं खरं आहे म्हणून उत्तर देते, नाहीतर पुढे गेले असते.

'ड्रुइड' आणि 'द्रविड' कानाला सारखे लागतात, बस. 'ड्रुइड' मधला शेवटचा भाग मात्र आपल्या विद् धातूचा सख्खा नातलग आहे असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे साम्य वेदाशी आहे, द्रविडशी नाही! ड्रुइडांचे शिष्य काही वेळा वीस वीस वर्षं पाठांतर करत आणि विद्या लिहून ठेवणं निषिद्ध मानत, हे सीझरने नोंदवलंय. आपल्या वेदपाठाशी ते जुळतं यात वाद नाही. पण जुळण्याचं कारण कुणी तिकडे गेलं हे असायची गरज नाही. केल्टिक, जर्मॅनिक आणि संस्कृत एकाच मूळ भाषेच्या शाखा आहेत. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं नातं सांगितलं, तेव्हा गॉथिक आणि केल्टिकही त्याच घरातल्या असाव्यात असं त्याने जोडूनच म्हटलं होतं. ते पुराव्याने दाखवायला पुढची साठ-सत्तर वर्षं गेली. काम तडीस नेलं योहान कास्पार झॉइस या बव्हेरियन मास्तराने. आयरिश भिक्षूंनी लॅटिन पोथ्यांच्या समासात आणि ओळींच्या मधे लिहिलेल्या जुन्या आयरिश टिपा त्याने वाचल्या आणि १८५३ मध्ये केल्टिक भाषांचं व्याकरण छापलं. स्वतः आयर्लंडची फेरी न मारता, युरोपातल्या मठांच्या पोथ्यांवरून.

कढई म्हणजे गुंडेस्ट्रूपची. १८९१ मध्ये जटलंडमधल्या दलदलीत मिळाली. तिची घडण बरीचशी थ्रेसकडची, म्हणजे आजच्या बल्गेरिया-रोमानियाच्या बाजूची वाटते. मोहेंजोदडोची मुद्रा तिच्यापेक्षा दोन हजार वर्षांनी जुनी. मधल्या दोन हजार वर्षांत मांडी घालून बसलेला शिंगवाला देव कुठे कुठे मुक्काम करत गेला ते दाखवा, मग बोलू.

गडवाट

पाश्चात्त्यांचे दाखले देऊन पाश्चात्त्यांनाच सिद्ध करायचं. चालू द्या.

जुनाट कंदील

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

केल्ट आणि जर्मन हे दोन वेगळे लोक आहेत हे आपल्याला कुणी सांगितलं? मुख्यतः एका माणसाने, ज्युलियस सीझरने. त्याच्या आधी ग्रीकांच्या लेखी उत्तरेकडचे पश्चिमेला केल्ट आणि पूर्वेला सिथियन, झालं. पोसिडोनियस या ग्रीक लेखकाने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीला 'गेर्मानोई'चा उल्लेख केला, तोही ते भाजलेलं मांस खातात आणि त्यावर दूध आणि पाणी न घातलेली वाइन पितात, एवढ्यापुरता. सीझर मात्र ठणकावून सांगतो: ऱ्हाईनच्या अलीकडे गॉल, पलीकडे जर्मन. अलीकडचे शेती करणारे, गावं-गढ्या असलेले, ड्रुइडांचं ऐकणारे. पलीकडचे रानटी, दूध-चीज-मांसावर जगणारे, ड्रुइड नाहीत, शेतीत रस नाही.

हे लिहिणारा माणूस सेनापती होता आणि त्याला रोममध्ये हिशेब द्यायचा होता. गॉल जिंकलं, पण पुढे का गेलो नाही? तर पुढे जिंकण्याजोगं काही नाही म्हणून. इ.स.पू. ५५ आणि ५३ मध्ये त्याने ऱ्हाईनवर पूल बांधला (पहिला दहा दिवसांत), पलीकडे जाऊन आला, आणि परतल्यावर पहिला पूल मोडून टाकला, दुसऱ्याचं फक्त पलीकडचं टोक तोडलं. त्याची मोहीम जिथे थांबली तीच दोन वंशांची सीमा ठरली, हा योगायोग मला तरी पचत नाही.

मजा म्हणजे त्याचं स्वतःचंच पुस्तक त्याच्याविरुद्ध साक्ष देतं. बेल्गी लोक गॉलमधले, पण त्यातले बरेचसे मूळचे ऱ्हाईनपलीकडचे, असं तो लिहितो. एबुरोनी हे ऱ्हाईनच्या अलीकडे राहणारे 'जर्मन', पण त्यांच्या राजांची नावं अंबिओरिक्स आणि कातुवोल्कस, दोन्ही चक्क केल्टिक. जर्मनांचा मोठा सरदार आरिओविस्टस गॉलिश अस्खलित बोलत होता. त्याच्या दोन बायकांपैकी एक स्वेबी, म्हणजे जर्मन, आणि दुसरी नोरिकमच्या केल्टिक राजाची बहीण. आणि गॉलमध्ये तो उतरला कसा? गॉलमधल्याच सेक्वानी टोळीने आपल्या भाऊबंदांशी भांडण होतं म्हणून मदतीला बोलावला आणि मग तो जाईना. (हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही.)

त्याहून जुनं उदाहरण म्हणजे किम्ब्री आणि ट्यूटोनी. जटलंडहून निघालेले हे जथे इ.स.पू. ११३ पासून रोमन फौजांना बडवत होते. १०५ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या अराउझिओला त्यांनी रोमनांची धूळधाण केली, मग १०२ आणि १०१ मध्ये रोमन सेनापती मारियसने त्यांना संपवलं. पाठ्यपुस्तकात ते पहिले जर्मन. पण त्यांचे सरदार बोइओरिक्स आणि ट्यूटोबोड, ही नावं पुन्हा केल्टिक वळणाची.

उंबराखाली

किम्ब्रींबद्दल भर घालते. थोरल्या प्लिनीने नोंदवलंय की ते उत्तरेच्या समुद्राला 'मोरिमारूसा' म्हणत, म्हणजे मेलेला समुद्र. हा शब्द स्पष्ट केल्टिक आहे. 'मारूसा' आणि आपलं 'मृत' एकाच धातूचे. मात्र एका शब्दावरून आणि दोन नावांवरून टोळीची भाषा ठरवू नये. सरदारांनी शेजाऱ्यांची भारदस्त नावं घेणं जगभर चालतं. आपल्याकडे बहमनी दरबारातल्या मराठा सरदारांना काय काय किताब होते ते आठवा.

नेकारकाठचा

कंदील, मग तुमचं म्हणणं जर्मन असे कुणी नव्हतेच? सगळे केल्ट?

जुनाट कंदील

तसं म्हणणारे होऊन गेले. फिलिप क्लूव्हर याने १६१६ मध्ये गॉल, जर्मनी, ब्रिटन, स्पेन सगळ्यांना एकाच 'केल्टिका'त बसवलं होतं. स्ट्रेबोचं म्हणणं काहीसं त्याच अंगाने जाणारं: जर्मन हे गॉलांसारखेच, फक्त जास्त रानटी, जास्त उंच, जास्त पिवळ्या केसांचे. आणि कॅशियस डिओ तिसऱ्या शतकातही जर्मनांना 'केल्ट' म्हणतो.

मी तितका पुढे जात नाही. फरक होता, पण ऱ्हाईनच्या आडव्या बाजूला नव्हता, उत्तर-दक्षिण होता. दक्षिण जर्मनी, बोहेमिया, फ्रान्स या पट्ट्यात मोठमोठ्या तटबंदीची नगरं, चाकावरची भांडी, सोन्याची नाणी. उत्तर जर्मनीच्या मैदानात यास्टॉर्फ घडणीची लहान खेडी, लांब घरं, मडक्यांत अस्थी पुरलेल्या स्मशानभूमी, नगरं नाहीत. जर्मॅनिक भाषा तिथून आणि दक्षिण स्कँडिनेव्हियातून पसरल्या हे बहुतेकांना मान्य आहे. ऱ्हाईनच्या दोन्ही तीरांवर, मधल्या भागात तरी, सीझरच्या काळात जवळपास सारखेच लोक राहत होते.

उंबराखाली

भाषेच्या बाजूने कंदिलाला निम्मं अनुमोदन. केल्टिक आणि जर्मॅनिक या दोन वेगळ्या शाखा आहेत, यात शंका नाही. एका ठळक खुणेवर ओळखता येतात. मूळ भाषेतला 'प' केल्टिकमध्ये गळतो, जर्मॅनिकमध्ये 'फ' होतो. संस्कृत पितृ, जुनं आयरिश 'अथिर', गॉथिक 'फदर'. ही वाट फुटली ती सीझरच्या शेकडो वर्षं आधी. केल्टिकचं सर्वात जवळचं नातं बहुधा लॅटिनच्या घराण्याशी आहे, जर्मॅनिकशी नाही.

पण शेजार फार जुना आणि फार दाट. आणि त्या शेजारात बराच काळ वरचढ कोण होतं हे शब्द सांगतात. 'राजा' साठीचा शब्द घ्या. संस्कृत राजन्, लॅटिन 'रेक्स', केल्टिक 'रीग्'. मूळचा 'ए' केल्टिकमध्ये नियमाने 'ई' होतो, जर्मॅनिकमध्ये तसा होत नाही. तरी जर्मॅनिक शब्द 'रीक्' असा, 'ई' घेऊन. म्हणजे तो वडिलोपार्जित नाही, केल्टांकडून उसना आणलेला. वर 'ग'चा 'क' झालाय, म्हणजे जर्मॅनिकमधले व्यंजनबदल व्हायच्या आधीच उचललेला, इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या मध्याच्या आसपास. जर्मन 'राइश' हा शब्द इथून आला. ज्यांनी एकेकाळी त्या शब्दाचा नको तितका उदोउदो केला, त्यांना हे कुणी सांगितलं नसावं.

लोखंडाचा शब्दही तसाच, केल्टिक 'इसार्नो' वरून जर्मन 'आयझन', इंग्रजी 'आयर्न'. चिलखताचा शब्द तसाच. आणि सीझर गॉल सरदारांच्या चाकरांना 'अंबाक्टी' म्हणतो, तो शब्द जर्मॅनिकमध्ये गेला आणि घासून घासून आजचा जर्मन 'आम्ट' (सरकारी कचेरी) झाला.

तिखटजाळ

थांबा. फिनान्झआम्ट मधला आम्ट? म्हणजे मूळ अर्थ चाकर?? 😂

नेकारकाठचा

पुढचं कराचं पत्र आलं की हे आठवणार आणि मी हसणार.

उंबराखाली

उलट दिशेचा एक नमुनाही सांगते. वोल्की नावाची एक मोठी केल्टिक टोळी होती. जर्मॅनिक भाषकांनी तिचं नाव सरसकट सगळ्या केल्टांना, आणि पुढे रोमनांनाही लावलं, 'परके' अशा अर्थाने. त्यातून वेल्स, बेल्जियममधलं वॅलोनिया, रोमानियातलं वलाखिया, सगळी नावं निघाली. वेल्श लोक स्वतःला 'कम्री' म्हणतात.

रक्तगट_ओ

तुम्ही लोक अजून शब्दांत अडकलात. प्राचीन डीएनएने हे प्रश्न सुटत आलेत. २०१८ च्या अभ्यासात दिसलं की इ.स.पू. २४५० नंतर ब्रिटनच्या लोकसंख्येचा सुमारे ९०% वारसा बदलला, बीकर मडकी वापरणारे लोक खंडावरून आले. मग डिसेंबर २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये ७९३ जणांच्या जनुकसंचांवर मोठा अभ्यास आला: इ.स.पू. १००० ते ८७५ च्या दरम्यान दक्षिण ब्रिटनमध्ये पुन्हा मोठं स्थलांतर, बहुधा आजच्या फ्रान्सच्या बाजूने, आणि पुढच्या लोखंडयुगातल्या इंग्लंड-वेल्सच्या लोकांचा जवळजवळ निम्मा वारसा त्यांचा. केल्टिक भाषा ब्रिटनमध्ये तेव्हा आली. विषय संपला.

खडूमास्तर

संपला नाही, रंगात आला. त्या अभ्यासाच्या लेखकांनी 'या मार्गाने आली असू शकेल' इतकंच म्हटलंय. आणि स्कॉटलंडमध्ये त्या स्थलांतराचा ठसा तसा उमटलेला दिसत नाही, तरी पुढे तिथे केल्टिक भाषाच बोलली जाते. जनुकं आणि भाषा एकाच गाडीने प्रवास करतात असा नियम नाही. नाहीतर आपण इथे मराठीत भांडतोय ते कुठल्या जनुकाच्या आधारावर?

मूळ स्थानाबद्दल सध्या तीन पक्ष आहेत. जुना पक्ष: हाल्श्टाटकडून पश्चिमेला. दुसरा, बॅरी कन्लिफ आणि जॉन कॉक यांचा, २०१० पासून गाजलेला: केल्टिक अटलांटिक किनाऱ्यावर घडली आणि पूर्वेला गेली. कॉक तर पोर्तुगालच्या दक्षिणेतले टार्टेसियन शिलालेखही केल्टिक ठरवतात. ते फार थोड्यांना पटलंय. तिसरा पक्ष पॅट्रिक सिम्स-विल्यम्सचा, २०२०: ना पूर्व ना पश्चिम, मधूनच, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या परिसरातून, इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या आरंभाच्या आसपास पसरली. इटलीतले लेपॉन्टिक, स्पेनमधले केल्टिबेरियन आणि गॉलिश यांना एकमेकांपासून दूर जायला लागलेला वेळ पाहता मला हाच पक्ष कमी ओढाताणीचा वाटतो. रक्तगट, तुमचा फ्रान्सकडून आलेला लोंढा यात नीट बसतो, हेही कबूल.

बाकी, 'मडकं म्हणजे माणूस आणि माणूस म्हणजे वंश' हे गणित गुस्ताफ कोसिना (१८५८-१९३१) याने जर्मनीत मांडलं होतं, आणि नात्झींनी ते पूर्वेकडच्या जमिनींवर हक्क सांगायला वापरलं. जर्मन पुरातत्त्ववाले आज 'केल्ट' किंवा 'जर्मन' म्हणताना दहादा अडखळतात ते उगाच नाही.

रक्तगट_ओ

कोसिनाशी तुलना अन्याय्य आहे. पण सोडा. होखडॉर्फच्याच माणसाबद्दल ताजी गोष्ट सांगतो, धागाकर्त्याला आवडेल. २०२४ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या ३१ सांगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. होखडॉर्फचा सरदार आणि आस्पेर्ग-ग्राफेनब्यूलच्या थडग्यातला सरदार, दोघांचं नातं निघालं मामा-भाच्याचं! सत्तेचा वारसा आईच्या बाजूने जात असावा, असा लेखकांचा तर्क. २०२५ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या ड्युरोट्रिजेस टोळीच्या स्मशानातूनही तसंच चित्र आलं: दोनतृतीयांशांहून जास्त लोक एकाच मातृवंशातले, बायका माहेरीच राहिलेल्या, पुरुष बाहेरून आलेले.

तिखटजाळ

म्हणजे सगळे घरजावई!

जुनाट कंदील

वा! मामा-भाचे म्हटल्यावर रोमन इतिहासकार लिव्ही आठवला. गॉल लोक इटलीत कसे आले याची तो कथा सांगतो: बिटुरिगेस टोळीचा म्हातारा राजा अंबिगाटस, राज्यात माणसं फार झाली म्हणून दोघांना नवी भूमी शोधायला पाठवतो. बेल्लोवेससला कौल मिळतो इटलीचा, सेगोवेससला हर्किनियन अरण्याचा, म्हणजे दक्षिण जर्मनी-बोहेमियाचा. आणि हे दोघे त्याचे मुलगे नव्हेत, बहिणीचे मुलगे. इतकी वर्षं सगळे ही दंतकथा म्हणून बाजूला ठेवत होते, आणि अजूनही कथा म्हणून ती दंतकथाच, पण भाच्यांचा तपशील लिव्हीने हवेतून काढला नसावा.

पुढचं ऐका. टॅसिटस हा दुसरा रोमन इतिहासकार इ.स. ९८ मध्ये जर्मनांबद्दल लिहितो की त्यांच्यात बहिणीच्या मुलाला मामाकडे बापाइतकाच मान असतो, काही टोळ्या तर ते नातं जास्त पवित्र मानतात, आणि ओलीस मागताना भाच्यांनाच मागतात. वारस मात्र स्वतःची मुलंच, हेही तो सांगतो. म्हणजे या बाबतीत सीझरची ऱ्हाईन कुणाच्या आड आलेली दिसत नाही.

गडवाट

गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. आईच्या नावाने ओळखले जाणारे राजे, आपल्या नाशिक-जुन्नर-पैठणला. टॅसिटसच्या काळाच्या आसपासच. याला तरी योगायोग म्हणा.

उंबराखाली

गडवाट, हा मुद्दा खरंच चांगला काढलात. पण सातवाहनांत आईच्या गोत्राचं नाव लावलं तरी गादी बापाकडून मुलाकडे जात होती, गौतमीपुत्राकडून वासिष्ठीपुत्राकडे. आईचं नाव लावणं आणि मामाचा वारसा भाच्याला मिळणं या दोन वेगळ्या व्यवस्था. दुसरीचं आपल्याकडचं उदाहरण केरळ आणि तुळुनाडूत मिळेल, पैठणला नाही.

नेकारकाठचा

धन्यवाद मंडळी, अपेक्षेपेक्षा फारच जास्त मिळालं. एकच राहिलं. इथले केल्ट गेले कुठे? हुसकले, मेले, की जर्मन झाले?

खडूमास्तर

तिन्ही थोडं थोडं, आणि वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं.

टॅसिटस सांगतो की ऱ्हाईन, माइन आणि हर्किनियन अरण्य यांच्यामधल्या टापूत पूर्वी हेल्व्हेटी राहत, त्यांच्यापुढे बोई. बोईंचं नाव बोहेमियाला चिकटून राहिलं, पण इ.स.पू. ९ च्या सुमारास मारोबोडुस तिथे मार्कोमानी या जर्मन टोळीला घेऊन बसला. हेल्व्हेटी स्वित्झर्लंडमध्ये सरकले. बव्हेरियात इंगोलश्टाटजवळ मांखिंगचं केल्टिक नगर ३८० हेक्टर पसरलेलं, सात किलोमीटरचा तट. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्याला ते ओस पडत गेलं. रोमन तिथे पोचले इ.स.पू. १५ मध्ये, म्हणजे त्यांच्या डोक्यावर हे खापर फोडता येत नाही. गॉलमधला सीझरचा धुमाकूळ आणि त्यामुळे मोडलेला व्यापार, उत्तरेकडून वाढलेला दाब, अशी कारणं सांगतात. व्यापार मोडला हे मला सर्वात वजनदार वाटतं. एवढं मोठं नगर बाहेरच्या मालाशिवाय जगत नाही.

पण सगळे गेले असते तर नावं टिकली नसती. ऱ्हाईन, माइन, डॅन्यूब या नावांची घडण केल्टिक किंवा त्याहून जुनी. माइन्झ म्हणजे मोगोन्टियाकम, वर्म्स म्हणजे बोर्बेटोमागुस, केम्प्टन म्हणजे कांबोडुनुम. नदीला शेजारी काय म्हणतो हे ऐकायला शेजारी जागेवर असावा लागतो. आणि ट्रिअरचे ट्रेवेरी पाहा. केल्टिक बोलणारे, पण जर्मन वंशाचे म्हणवून घ्यायची फार हौस, असं टॅसिटस टोमणा मारतो. गॉलांसारखे मऊ समजले जाऊ नये म्हणून. तेव्हा केल्ट की जर्मन हे कुठल्या बाजूला मान जास्त यावरही ठरत होतं. तुमच्या श्वाबियन सहकाऱ्यांना हल्ली केल्ट व्हायचंय, तेव्हाच्या ट्रेवेरींना जर्मन.

जुनाट कंदील

मांखिंगचं नाव निघालंच आहे तर: तिथल्या संग्रहालयातून नोव्हेंबर २०२२ मध्ये ४८३ केल्टिक सोन्याची नाणी चोरीला गेली. आधी परिसरातल्या इंटरनेटच्या तारा कापल्या, मग नऊ मिनिटांत काम फत्ते. २०२३ मध्ये संशयित पकडले तेव्हा एकाजवळ सोन्याचे गोळे मिळाले, म्हणजे काही नाणी वितळवलेली. दोन हजार वर्षं जमिनीत नीट होती हो.

उंबराखाली

ट्रेवेरींवरून: संत जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलंय की तुर्कस्तानातले गलेशियन, म्हणजे अंकाऱ्याच्या आसपासचे लोक, ग्रीकखेरीज जी भाषा बोलतात ती ट्रेवेरींच्या भाषेसारखीच आहे. गलेशियन इ.स.पू. २७८ मध्ये आशियात उतरले होते. जेरोम दोन्हीकडे जाऊन आलेला. त्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं की जुन्या ग्रंथातून उतरवलं यावर वाद आहे.

तिखटजाळ

अंकाऱ्यात केल्ट?! हे आधी का नाही सांगितलं कुणी? उंबराखाली, वेगळा धागा काढाच. शेंगदाणे संपलेत, चहा टाकते तोवर.